कावडीचा बांबू

साशंक : ‘आठ दिवसांत संपूर्ण व्हिएतनाम’ असं सहलीच्या पत्रकावर छापलेलं असतं, तेव्हा माझी पहिली हरकत त्या ‘संपूर्ण’ला असते. हनोईपासून सायगावपर्यंतचा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरांचा आहे. (नकाशावर हो चि मिन्ह सिटी, पण लोकांच्या तोंडी अजून सायगावच.) सहल हे अंतर दोन विमानांत उरकते. आधी हनोई आणि हालाँगचा उपसागर, मग दा नांग आणि होई आन, मग सायगाव, कू चीची भुयारं, मेकाँगवर अर्धा दिवस होडी, की परत. व्हिएतनामी माणसं आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. उत्तरेला तांबड्या नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँगचं, या भाताच्या दोन टोपल्या. आणि मधला लांबलचक, चिंचोळा किनारा हा त्यांना पेलणारा बांबू. एका ठिकाणी समुद्रापासून लाओसच्या सरहद्दीपर्यंत जेमतेम पन्नास किलोमीटर जमीन उरते. कावड वाहणाऱ्याच्या खांद्याला टोपली लागत नाही, बांबू लागतो. देशाचा भार जिथे पडतो तो भाग सहल ढगांवरून ओलांडते. जमिनीवरून जाते तिथेही तेच. ह्वे आणि दा नांग यांच्यामध्ये हाय व्हान घाट आहे. हिवाळ्यात उत्तरेचे गार वारे हा डोंगर अडवतो, म्हणून घाटाच्या एका अंगाला ढग, झिमझिम आणि स्वेटर, तर दुसऱ्या अंगाला उतरलं की ऊन. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी माणसांना ही गोष्ट घाटमाथ्यावर पाच मिनिटं उभं राहून कळेल. पण २००५ साली घाटाच्या पोटातून सहा किलोमीटरांहून लांब बोगदा झाला, आणि बस बोगद्यातून जाते. निसर्ग बघायला आलेली माणसं निसर्गाची सीमारेषा अंधारात पार करतात.

उत्साही : बोगद्यातून नेणं चूक, हे मला मान्य. पण तुमचा राग बोगद्यापुरता नाही, तो सहल या प्रकारावरच आहे. ठरलेला क्रम, ठरलेले मुक्काम, पुढे झेंडा आणि मागे माणसं, हे तुम्हाला खोटं वाटतं. मग दिंडीचं काय? आळंदीहून निघालेल्या पालखीत कुठल्या दिंडीनं कुठे चालायचं, विसावा कुठे, रिंगण कुठे, रात्रीचा तळ कुठे, सगळं ठरलेलं असतं. विणेकरी, चोपदार, स्वयंपाकाचा ट्रक, राहुट्या, सगळी व्यवस्था दुसऱ्यानं केलेली असते. त्या चालण्याला कुणी उसना प्रवास म्हणत नाही. उलट व्यवस्था दुसऱ्यानं पाहिली म्हणूनच शेतात राबणाऱ्या बाईला अभंगात मन घालता येतं. युरोपातही संघटित सहलीचा उगम श्रीमंतांच्या चैनीत नाही. १८४१ साली टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं एका शिलिंगात आगगाडीनं नेली ती दारूबंदीच्या सभेसाठी. आजच्या बसमध्ये कोण बसतं, तेही बघा. निवृत्त शिक्षक, ज्यांचं वाचन दांडगं पण गुडघे कामातून गेलेले. पासपोर्टवर पहिलाच शिक्का उमटवणारी साठीतली बाई, जिला एकटीनं हॉटेलात जायची कधी वेळच आली नाही. इंग्रजीचा धसका घेतलेला दुकानदार. पाठीवर पिशवी टाकून रात्रीच्या रेल्वेनं भटका, हा सल्ला या माणसांना देणं म्हणजे घरीच बसा म्हणणं. सावकाश प्रवास करायला रजा लागते, तब्येत लागते, भाषा लागते, आणि चुकलं तर सावरण्याइतका पैसा लागतो. तुमच्या कावडीचा बांबू खरा, पण तो पायी बघण्याची ऐपत किती जणांकडे आहे?

साशंक : दिंडीचा दाखला घेतलात ते बरं केलंत, कारण फरक तिथेच दिसतो. वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर जवळपास तीन आठवडे चालतो, आणि पुढच्या वर्षी तीच वाट पुन्हा चालतो. कुठल्या गावात पाणी कोण देतं, कुठल्या चढाला दम लागतो, हे त्याच्या पायांना पाठ असतं. मुक्काम दुसऱ्यानं ठरवला तरी वाट त्याची होते. समूहाला किंवा व्यवस्थेला माझा विरोध नाही, आणि ऐपतीबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. माझा प्रश्न एवढाच की, वेळ थोडा आहे हे मान्य केलं, तर तो थोडा वेळ कुठे खर्च होतो? मध्य व्हिएतनाममध्ये बहुतेक सहली अख्खा दिवस बा ना टेकड्यांना देतात. जवळपास ५.८ किलोमीटरांची केबल कार, वर नव्यानं बांधलेलं फ्रेंच खेडं, आणि २०१८ साली खुला झालेला, दगडी भासणाऱ्या दोन महाकाय हातांवर तोललेला सोनेरी पूल. तिथे फोटो छान येतात, यात शंका नाही. पण होई आनपासून चाळीसेक किलोमीटरांवर ‘मी सोन’ नावाची दरी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजानं तिथे भद्रेश्वराचं लिंग स्थापलं, आणि पुढची आठ-नऊ शतकं चाम राजे त्या दरीत विटांची मंदिरं उभारत राहिले. या मी सोनच्या वाट्याला एक सकाळ येते, तीही ‘ऐच्छिक’. फ्रेंच खेडं बघायला व्हिएतनामला जाणाऱ्या माणसाची फसवणूक होते असं मी म्हणणार नाही, त्याला आनंद होतो. मात्र त्याचा दिवस ज्यानं आखला, त्यानं ‘यांना एवढंच झेपेल’ असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. निवृत्त शिक्षकाचा यात अपमान आहे, आणि तो मला सलतो.

उत्साही : हा अपमान मलाही सलतो, पण त्यावरचा उपाय चांगला गाइड हाच आहे. होई आनच घ्या. हे व्यापारी बंदर होतं. चिनी, जपानी, युरोपीय जहाजं इथे येत. पुढे थू बोन नदीत गाळ साचला, व्यापार दा नांगला गेला, आणि गाव मागे राहिलं. मागे राहिलं म्हणूनच जुनी लाकडी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा कुणाच्या हाती आला नाही, आणि १९९९ साली ते जागतिक वारशात गेलं. एकटा हिंडणारा माणूस संध्याकाळी तिथले रंगीत कंदील बघून खूश होतो आणि झोपतो. गाइड त्याला तान कीच्या जुन्या घरात नेतो आणि मान वर करायला सांगतो. माळ्याच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप असते. पूर आला की झडप उघडायची आणि कप्पीनं खालच्या दुकानातला माल वर ओढून घ्यायचा. भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत, १९६४ची खूण माणसाच्या डोक्याच्या बरीच वर. ज्यांनी सांगलीचा पूर पाहिला त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. हा भाग आपल्यासारखा जूनमध्ये भिजत नाही, इथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. म्हणजे आपले लोक दिवाळीच्या सुट्टीत जातात नेमके त्याच दिवसांत. ती झडप बघितलेला माणूस कंदिलांकडे वेगळ्या नजरेनं बघतो, कारण हे गाव दरवर्षी सामान वर चढवतं आणि पुन्हा खाली उतरवतं हे त्याला कळलेलं असतं. जेवणाचंही तसंच. शाकाहारी मंडळींना तिथे भीती असते ती माशाच्या सॉसची, जे जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतं, म्हणून सहल त्यांना भारतीय हॉटेलात वरणभातावर नेते. पण व्हिएतनामी बौद्धांत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, म्हणजे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, मांसमासे वर्ज्य करण्याची रीत आहे. त्या शाकाहारी जेवणाला ते ‘चाय’ म्हणतात. चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या बाईला हे सांगा, ती त्या देशाशी एका क्षणात बोलायला लागेल. हा शब्द तिला कोण देणार? तिथला माणूसच देणार.

साशंक : देईल, जर तो तिच्यापर्यंत पोचला तर. तिथल्या कायद्याप्रमाणे गाइडचा परवाना व्हिएतनामी नागरिकालाच मिळतो, आणि हे योग्यच आहे. तो मनात व्हिएतनामीत विचार करतो, इंग्रजीत बोलतो, आणि बसच्या पुढच्या सीटवर बसलेला टूर मॅनेजर ते मराठीत सांगतो. या दोन पायऱ्यांवर काय सांडतं, ते नीट पाहा. आकडे टिकतात, नावं मोडतात, आणि ‘का’ पूर्ण गळून पडतं. गळलेल्याच्या जागी ऐकणाऱ्याला आवडेल असं काहीतरी भरलं जातं. मी सोनला हे सर्वांत ठळक दिसतं. तिथे आलेल्या मराठी माणसाला शंकर भेटतो, नंदी भेटतो, संस्कृत शिलालेख भेटतो, आणि ‘बघा, ही आपली संस्कृती, इथपर्यंत पोचली होती’ हे वाक्य येतं. टाळ्या पडतात. त्या वाक्यात चाम माणूस कुठे आहे? त्या विटा कुणी भाजल्या? सांध्यात चुना दिसत नाही इतक्या त्या घट्ट बसल्या आहेत. त्या कशानं जोडल्या, यावर अजून वाद आहे. दुरुस्तीत घातलेल्या नव्या विटांवर शेवाळ आणि क्षार चढले, जुन्या मात्र लालभडक आणि कोरड्या राहिल्या. हे कसब इथून कुणी पाठवलेलं नव्हतं, ते तिथल्या हातांचं आहे. ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत तिथलं सर्वांत उंच, सर्वांत देखणं मंदिर पडलं. अभ्यासक त्याला ‘ए-१’ म्हणतात. बॉम्बचे खड्डे अजून गवतात दिसतात, पावसात त्यांत पाणी साठतं. ‘आपली संस्कृती’ म्हणणारा माणूस त्या खड्ड्याजवळून जातो, आणि तो खड्डा मात्र ‘त्यांच्या’ युद्धाचा असतो.

उत्साही : तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष मला कडक वाटतो. परक्या देशात ओळखीचा चेहरा दिसला की माणूस आधी त्याच्याकडेच जातो. हनोईच्या साहित्य-मंदिरात कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत, जुन्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेल्या. आपला माणूस तिथे अदबीनं उभा राहतो आणि पुढे सरकतो, कारण त्याला धरायला काही मिळत नाही. मी सोनला धरायला मिळतं. शंकर ओळखला म्हणून तो थांबला, थांबला म्हणून त्यानं विटा पाहिल्या. ओळखीतून कुतूहल जागं होतं, हे तुम्ही नाकारू नका. आणि तिथलं भारताचं नातं नुसतं टाळ्यांचं नाही. २०१७पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथल्या तीन मंदिरगटांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०२०मध्ये त्या खोदकामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग निघालं. त्याआधी पोलंडचे वास्तुतज्ज्ञ काझिमिएझ क्वियात्कोव्स्की यांनी युद्धानंतरच्या हलाखीत ही मंदिरं सावरली, होई आन वाचवण्यासाठी धडपड केली, आणि १९९७ साली ह्वेमध्येच देह ठेवला. होई आनमध्ये त्यांचं स्मारक आहे. त्यांचा ना शंकराशी संबंध होता, ना चाम भाषेशी. बाहेरचा माणूस त्या जागेचा होऊ शकतो. आठ दिवसांत होणार नाही, पण त्याची सुरुवात आठ दिवसांत होऊ शकते.

साशंक : ओळखीतून कुतूहल जागं होतं, तशी ओळख कुतूहल संपवूही शकते. ‘हा तर आपलाच’ म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. याची कसोटी लागेल अशी एक जागा त्याच बांबूवर आहे, आणि मराठी माणसासाठी तिच्याइतकी चोख दुसरी नाही. चाम राज्यांचा उत्तरेकडून एकेक भाग गेला. १४७१मध्ये त्यांची राजधानी विजया पडली. दक्षिणेचं एक राज्य मात्र १८३२पर्यंत तग धरून राहिलं. शिलालेखांतलं त्याचं नाव आहे पांडुरंग. तेच नाव झिजत झिजत आजचं फान रांग झालं. आपल्या माणसांना घेऊन दा नांगहून सायगावकडे जाणारं विमान दक्षिणेला वळतं, ते या किनाऱ्याला समांतर. खाली पांडुरंग नावाचा मुलूख आहे हे विमानात कुणालाही सांगितलं जात नाही. आणि सांगितलं जाईल त्या दिवसाची मला जास्त काळजी आहे. कारण दुसऱ्याच क्षणी कुणीतरी म्हणेल, विठोबा व्हिएतनामला पोचला होता! तो पोचला नव्हता. नाव संस्कृत आहे, राज्य चामांचं होतं, आणि आपल्या पंढरपूरशी त्याचा धागा जोडायला काहीही आधार नाही. फान रांगच्या टेकडीवर तेराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं पो क्लोंग गरायचं मंदिर आहे. आत लिंग आहे, पण त्या लिंगावर चेहरा कोरलेला आहे, आणि चाम माणसाला तो त्यांच्या राजाचा, पो क्लोंग गरायचा, चेहरा म्हणून ठाऊक आहे. शंकर म्हणून आपण हात जोडू, तो आपला राजा म्हणून जोडेल. दोन्ही नमस्कार एकाच दगडाला, पण ते एक नाहीत.

उत्साही : तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते ऐकून बसमधला एकही माणूस झोपणार नाही! मग ते पत्रकात का नसावं? चाम लोक काही इतिहासजमा झालेले नाहीत. फान रांगच्या आसपास त्यांची गावं आहेत. काही बालामोन म्हणवतात, हा ‘ब्राह्मण’ शब्दाचाच अवशेष. काही बानी, ज्यांच्या रीतींवर इस्लामची छाप आहे. शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबरात, काते नावाचा त्यांचा सण असतो. देवाची वस्त्रं डोंगरातल्या रागलाय लोकांकडे जपलेली असतात. ते ती घेऊन खाली येतात, मंदिराचं दार उघडतं, चेहऱ्याच्या लिंगाला स्नान घालतात आणि वस्त्रं नेसवतात. मूर्तीला पोशाख चढवणं ज्यांच्या घरच्या सवयीचं आहे, त्या बायका हे डोळ्यांत तेल घालून बघतील. वस्त्रं एका जमातीकडे आणि देव दुसऱ्या जमातीकडे, हे नातं काय आहे, असं त्या नक्की विचारतील. हाच तर तुम्हाला हवा असलेला ‘का’. आणि हा प्रदेश म्हणजे देशातला सर्वांत कोरडा टापू. तिथे भाताहून द्राक्षांचं नाव मोठं, रानात मेंढरं. तासगावच्या बागाईतदाराला तिथे बोलायला भाषेची गरज पडणार नाही. अडचणही फार मोठी नाही. दा नांगहून सायगावऐवजी काम रान्हच्या विमानतळावर उतरायचं, तिथून फान रांग साठेक किलोमीटर, आणि पुढे सायगाव रेल्वेनं. बा ना टेकड्यांचा दिवस काढा, तो इथे लावा. बांबूवर एक तरी मुक्काम होईल.

साशंक : हे ऐकून मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही, आणि का होत नाही ते प्रामाणिकपणे सांगतो. आत्तापर्यंत मी तक्रार करत होतो की सहल तिथे जात नाही. आता तुम्ही ती तिथे न्यायला निघालात, तर मला होई आन आठवतं. त्या जुन्या गावात कितीतरी घरांच्या पुढच्या खोल्या दुकानं झाल्या. माळ्यावरची झडप राहिली, पण ज्या घराच्या खालच्या मजल्यावर विकायला फक्त कंदील आणि शिवून मिळणारे कपडे आहेत, तिथे पुरात वर काय ओढायचं? कातेच्या दिवशी त्या टेकडीवर व्हिएतनामी पर्यटक आधीच गर्दी करतात. त्यात चाळीस-चाळीस माणसांच्या बस आल्या, फोन वर धरले गेले, आणि पुजाऱ्याला सांगितलं गेलं की वस्त्रं जरा सावकाश नेसवा, मागच्यांना दिसत नाही. तर ते दार कुणासाठी उघडलं जाईल?

उत्साही : म्हणजे ज्या जागा तुम्हाला मोलाच्या वाटतात तिथे जाऊ नये, आणि जिथे जातो तिथे काही मोलाचं नाही. मग त्या शिक्षकानं करायचं काय? तुमच्या काळजीत एक गोष्ट मला खटकते. चामांच्या वतीनं तुम्ही ठरवताय की त्यांना पाहुणे नकोत. कोरड्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसा लागतो. त्यांच्या गावांत विणकाम आहे, चाक न फिरवता कुंभारीणच मडक्याभोवती फिरते अशी कुंभारकामाची रीत आहे. ते विकत घेणारं माणूस त्यांना हवं असेलही. त्यांना विचारल्याशिवाय त्यांना अस्पर्श ठेवण्याची कल्पना मला ‘आपली संस्कृती’ म्हणून मिरवण्याइतकीच परस्पर वाटते.

साशंक : हा वार बरोबर बसला. त्यांना विचारलं पाहिजे, आणि विचारणारा मी नाही. पण मग पत्रक छापणाराही नाही. कातेच्या दिवशी जाऊ नका, एरवीच्या एखाद्या मंगळवारी जा, वीस माणसं जा, आणि टेकडी चढण्याआधी एखाद्या चाम गावात अर्धा दिवस बसा, असं मी म्हणेन. लगेच तुम्ही म्हणाल की वीस माणसांत माणशी खर्च वाढतो, आणि वाढलेल्या खर्चात पहिली गळते ती पासपोर्टवर पहिला शिक्का उमटवणारी बाई. ते खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उत्साही : माझ्याकडेही पूर्ण नाही. चाळीस माणसांत ती बाई मावते आणि गाव दबतं, वीस माणसांत गाव वाचतं आणि ती घरी राहते. मधली संख्या पत्रक छापणाऱ्याच्या हाती राहू नये, एवढं मात्र मला आज नव्यानं पटलं. आणखी एक. समजा ती पोचली. टेकडीच्या पायऱ्या चढली, दाराशी आली, आतल्या अंधारात तो चेहरा तिला दिसला. त्या क्षणी तिच्या कानावर पडणारं पहिलं वाक्य कुणाचं असावं?

साशंक : टूर मॅनेजरचं असू नये. सायगावहून आलेल्या गाइडचंही नको, त्याच्या पूर्वजांनी ते राज्य जिंकून घेतलेलं आहे. तिथली, चाम बोलणारी एखादी बाई हवी. तिचं वाक्य व्हिएतनामीत जाईल, मग इंग्रजीत, मग मराठीत, आणि तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत त्यातलं किती उरेल ते सांगता येत नाही. तरीही सुरुवात तिनं करावी, आणि तिचं बोलून होईपर्यंत आपल्यापैकी कुणी ‘पांडुरंग’ म्हणू नये.

उत्साही : आणि तिनंच म्हटलं तर? ते नाव तिच्या मुलखाचंही आहे.